घटक ४ : जवळच्या प्रवासाचे लेखन – मनवेलपाडा ते कान्हेरी

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला सहलीचे वर्णन आणि प्रवासलेखन यांतील फरक स्पष्ट करता येईल. पाहिलेले, ऐकलेले आणि वाचलेले यांची सरमिसळ न करता लेखन कसे करावे, हे सांगता येईल. तसेच स्वतःच्या घरापासून एक-दोन दिवसांत जाऊन येता येईल अशा प्रवासावर स्वतंत्र लेख लिहिता येईल.

४.२ प्रास्ताविक

संपर्कसत्रात प्रवासलेखनाचा स्वाध्याय दिला की समंत्रकांना एक वाक्य हमखास ऐकावे लागते : ‘आम्ही कुठे गेलोच नाही, तर लिहिणार काय?’ असे म्हणणारे विद्यार्थी बहुधा नोकरी सांभाळून शिकणारे, पहाटेची लोकल पकडणारे, रविवारी घरची आठवड्याची कामे उरकणारे असतात. त्यांच्या मनातील समजूत अगदीच निराधार आहे, असे म्हणता येत नाही. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ किंवा पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ ही मराठीतील गाजलेली प्रवासवर्णने परदेशगमनातून निर्माण झाली. त्यामुळे बोटीने वा विमानाने दूर जाणे ही या साहित्यप्रकाराची पूर्वअटच आहे, असे वाटू लागते.

परंतु मराठीतील एक फार महत्त्वाचे प्रवासवर्णन कोकणातील वरसई गावच्या एका भिक्षुकाने लिहिले आहे. विष्णुभट गोडसे घराबाहेर पडले ते देश पाहण्यासाठी नव्हे, तर घरची ओढग्रस्त दूर करण्यासाठी. वाटेत ते १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. त्या पुस्तकातील घटना मोठ्या आहेत हे खरेच. पण ते आजही वाचवते याचे कारण भटजींचे लक्ष आहे. दक्षिणा किती मिळाली, मुक्काम कोठे पडला, कोण काय म्हणाले, हे सारे त्यांना सांगावेसे वाटले. अंतराची लांबी ही त्यातली दुय्यम गोष्ट आहे.

म्हणून या घटकात आपण मुद्दाम जवळचा प्रवास घेतला आहे. उदाहरण म्हणून मी माझ्याच घरच्या एका सहलीची टिपणे तुमच्यासमोर ठेवते. आम्ही विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहतो. एका हिवाळ्यात, शनिवार-रविवार असे दोन दिवस, दिरांची छोटी मोटार मागून घेऊन आम्ही चौघे निघालो : मी, माझे यजमान, सातवीतली मुलगी आणि सत्तरी उलटलेल्या सासूबाई. पहिल्या दिवशी अर्नाळा, राजोडी, कळंब आणि सोपारा. दुसऱ्या दिवशी वसईचा किल्ला, तेथून खाडी ओलांडून भाईंदर आणि पुढे कान्हेरीची लेणी. यापलीकडे या सहलीत काहीही घडले नाही.

४.३ पहिला खर्डा

परतल्यावर त्याच आठवड्यात मी लेख लिहिला. त्याचा आरंभ असा होता :

‘रम्य पहाटे आम्ही प्रस्थान ठेवले. काही वेळातच निळाशार सागर आणि रुपेरी वाळूचा अथांग किनारा दृष्टिपथात आला. ते विहंगम दृश्य पाहून आम्हां सर्वांचे भान हरपले.’

हा उतारा व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परीक्षेत त्याला कदाचित बरे गुणही पडतील. तरीही तो जवळजवळ संपूर्णपणे खोटा आहे. आम्ही निघालो तेव्हा आठ वाजून गेले होते. अर्नाळ्याचा समुद्र निळाशार नसतो. एका बाजूने वैतरणा आणि दुसऱ्या बाजूने उल्हास अशा दोन नद्यांचा गाळ या किनाऱ्यावर येतो आणि पाणी मातकट दिसते. वाळू रुपेरी नसून काळपट करडी आहे. ‘विहंगम’ म्हणजे पक्षी. विहंगम दृश्य उंचावरून दिसते आणि आम्ही तर सपाट पुळणीवर उभे होतो. भान कोणाचेही हरपले नव्हते. यजमान गाडी लावायला जागा शोधत होते आणि मुलगी ‘समुद्र कुठे आहे?’ असे विचारत होती.

येथे जरा थांबा. मुलीचा हा प्रश्न मी खर्ड्यात घेतला नाही, कारण तो मला बालिश वाटला. वास्तविक त्या सकाळची सर्वांत अचूक नोंद तीच होती. ओहोटी पूर्ण लागलेली होती. समोर ओल्या वाळूचा रुंद पट्टा पसरला होता, होड्या कलंडून पडल्या होत्या आणि पाणी खरोखरच लांब गेले होते. तयार विशेषणे वापरण्यातील धोका हा असा असतो. ती असत्य बोलतात एवढेच नव्हे, तर खरी गोष्ट समोर असताना तिची जागा अडवून बसतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : वरील उताऱ्यातील कोणते शब्द दुसऱ्या कोणत्याही किनाऱ्याच्या वर्णनात जसेच्या तसे वापरता येतील? ते शब्द खोडून उतारा पुन्हा वाचा. शिल्लक काय राहते?

४.४ विचारण्याचे महत्त्व

अर्नाळ्याचा जलदुर्ग किनाऱ्यासमोरच्या बेटावर आहे. १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे आला. तेथे जायला होडी लागते आणि होडीत चढायला पाण्यातून चालावे लागते. सासूबाईंचे गुडघे पाहता तो बेत आम्ही सोडला. मग किनाऱ्यावर वेळ काढताना बोंबील वाळत घालणाऱ्या एका बाईंपाशी त्या बसल्या आणि मी विचारले, ‘पाणी परत केव्हा येईल?’

त्या बाईंनी उलट मलाच विचारले, ‘आज तिथी कोणती?’

चतुर्थी होती. त्या म्हणाल्या, मग तीन वाजता भरती. कोळी समाजात आणि किनाऱ्यावर इतरत्रही हा हिशेब तोंडपाठ असतो : तिथीची पाऊणपट करावी, येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थी म्हणजे चार. चाराची पाऊणपट तीन. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या सुमारास. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. चंद्र रोज तितकाच उशिरा डोक्यावर येतो हे त्यामागचे कारण. आम्ही नऊच्या सुमारास पोहोचलो होतो. म्हणजे मुलीच्या प्रश्नाचे उत्तर पंचांगात होते.

ही माहिती पुस्तकातही मिळाली असती. परंतु ‘आज तिथी कोणती?’ हा प्रतिप्रश्न पुस्तकात मिळाला नसता. ज्या घरात भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे मी चतुर्थीच्या उपवासासाठी पाहते, त्याच दिनदर्शिकेत किनाऱ्यावरचे घर समुद्राची वेळ पाहते, हे मला त्या प्रश्नाने कळले. प्रवासलेखनात माहितीपेक्षा अशा जागा अधिक मोलाच्या असतात.

एक सूचना. अशा वेळी समोरच्या माणसाची बोली प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहिण्याचा मोह होतो. वसईच्या पट्ट्यात कोळी, वाडवळ, सामवेदी अशा समाजांच्या निरनिराळ्या बोली आहेत. बोली येत नसेल तर तिचे सोंग आणू नये. ऐकलेला एखादा शब्द नेमका आठवत असेल तर तो तसाच द्यावा आणि उरलेले अप्रत्यक्ष निवेदनात सांगावे. ‘हाव’, ‘नाय’ असे शब्द पेरून केलेली नक्कल ज्यांची ती बोली आहे त्यांना तत्काळ ओळखू येते, आणि बहुधा बोचतेही.

राजोडी आणि कळंब हे किनारे आम्ही भराभर पाहिले. सुरूची झाडे, रिसॉर्टच्या पाट्या, सुट्टीची गर्दी, भेळ. या तासाभरावर लिहिण्याजोगे माझ्यापाशी काही नाही, म्हणून एका वाक्यात ते संपवते. प्रवासात जितका वेळ गेला तितकी जागा लेखात द्यावी, असा नियम नाही.

४.५ पाहिलेले, ऐकलेले, वाचलेले

कळंबहून निर्मळमार्गे आम्ही सोपाऱ्याला आलो. नालासोपारा पश्चिमेला, वस्तीच्या मधोमध, झाडांच्या सावलीत विटांचा एक मोठा ढिगारा आहे. मुलगी म्हणाली, ‘हे एवढंच?’

तिचे चुकले नाही. डोळ्यांना दिसते ते एवढेच. प्रवासलेखनातील अवघड भाग येथून सुरू होतो, कारण दिसते ते थोडे आणि ठाऊक असते ते फार, अशी स्थिती असली की लेखक आपल्या डोळ्यांना रजा देऊन ग्रंथातून बोलू लागतो. त्यावर उपाय म्हणून मी वहीचे पान तीन रकान्यांत विभागले.

पाहिलेले : विटांचा स्तूप, माथा ढासळलेला, भोवती कुंपण, पलीकडे इमारती, सावलीत पत्ते खेळणारे दोघे.

ऐकलेले : या जागेला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणतात. टोपल्या विणणाऱ्या बुरूड राजाचा हा किल्ला, अशी लोकसमजूत.

वाचलेले : १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथे उत्खनन केले. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी निघाली. तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती, मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे आणि यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या.

आता पाहा. ‘येथे बुरूड राजाचा किल्ला होता’ असे लिहिले तर ते असत्य होईल. ‘लोक याला बुरूड राजाचा कोट म्हणतात’ हे सत्य आहे. आणि ‘आम्ही भगवान बुद्धांचे पवित्र अवशेष पाहिले’ असे मी लिहिले असते, तर ते धडधडीत खोटे ठरले असते. आम्ही पाहिली ती त्यांची रिकामी जागा. कोणते विधान कोणत्या रकान्यातून आले याचे भान सुटले की लेख माहितीपत्रकासारखा होतो.

सोपारा हे एके काळी पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. ग्रीक दर्यावर्दींच्या लेखनातही त्याचे नाव येते. खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर मागे पडले. त्याच १८८२ साली भगवानलालांना सोपाऱ्यात एक फुटका दगड मिळाला. त्यावर ब्राह्मी लिपीत अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा होता. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचाही तुकडा सापडला. सोपाऱ्याच्या दगडावर आठव्या लेखाचा थोडाच भाग उरला आहे, परंतु गिरनारसारख्या ठिकाणी पूर्ण पाठ मिळत असल्याने त्याचा आशय ज्ञात आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने तो आशय विलक्षण आहे, कारण तो लेख प्रवासाविषयीच आहे.

राजा सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात; त्यांत शिकार आणि मनोरंजन असे. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो संबोधीला, म्हणजे आजच्या बोधगयेला, गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत काय करावयाचे, याची यादीच लेखात आहे : श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि दान, वृद्धांची भेट, जनपदातील लोकांचे दर्शन, त्यांना धर्माचा उपदेश आणि धर्माविषयी विचारपूस. विचारपुशीसाठी आलेला मूळ शब्द संस्कृत ‘परिपृच्छा’ या शब्दाशी नाते सांगतो.

धर्मोपदेशाचा भाग राजाचा आहे; तो आपण बाजूला ठेवू. राहिलेल्या यादीत मात्र प्रवासलेखकाचे काम जवळजवळ आले आहे : वृद्धांना भेटणे, गावोगावच्या माणसांना पाहणे, विचारणे. विहारयात्रेत राजा पाहत असे ते सावजाकडे. सकाळी समुद्रकिनाऱ्यावर मी पाहत होते ते ‘दृश्या’कडे. बोंबील वाळत घालणाऱ्या बाई दृश्यात होत्या, पण मी विचारीपर्यंत त्या माणूस म्हणून माझ्या प्रवासात आल्या नव्हत्या.

स्वयं-अध्ययन प्रश्न २ : तुमच्या परिसरातील एखादे देऊळ, दर्गा, तळे किंवा पडका वाडा निवडा आणि त्याविषयी वरीलप्रमाणे तीन रकाने भरा. कोणता रकाना सर्वांत रिकामा राहिला? का?

४.६ खाडी आणि ‘तर’

नकाशात पालघर आणि वसईचा किनारा एकसंध रेषेसारखा दिसतो. प्रत्यक्षात तो खाड्यांनी तुटलेला आहे. किनाऱ्याकिनाऱ्याने मोटार हाकत जाऊ, असा बेत येथे तडीस जात नाही. अर्नाळ्याच्या उत्तरेला वैतरणेची खाडी आडवी येते, वसईच्या दक्षिणेला उल्हासची. रस्त्याने जायचे तर महामार्गाचा मोठा वळसा घ्यावा लागतो. आता गाड्या वाहून नेणाऱ्या रो-रो बोटी सुरू झाल्या आहेत : वसई-भाईंदर २०२४ पासून, विरारजवळच्या मारंबळपाड्याहून जलसारकडे २०२५ पासून.

रविवारी आम्ही वसईच्या किल्ल्यातून बंदरावर गेलो. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला हा किल्ला मोठा आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी त्यात भर घालणार नाही. मोटार बोटीवर चढली, दोर सुटले आणि सकाळपासून गप्प असलेल्या सासूबाई एकदम म्हणाल्या, ‘ही तर आमच्या तरीसारखीच आहे. फक्त मोठी.’

त्यांचे माहेर डहाणूकडचे, खाडीपलीकडचे. लहानपणी शाळेला जायला त्यांना रोज तर ओलांडावी लागे. ‘तर’ म्हणजे खाडी किंवा नदी ओलांडण्याची नाव. हा शब्द कोकणात अजून ऐकू येतो, पण शहरी बोलण्यातून तो गेलाच. मुलीला वाटले, आजी ‘तर’ हे अव्यय वापरून मध्येच थांबली.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. तो इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला. उषवदाताने केलेल्या दानधर्माची त्यात नोंद आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आपले सोपारा, येथे त्याने प्रवाशांसाठी चौसोपी निवारे बांधले. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने नावांनी ‘पुण्यतर’ केले, म्हणजे पैसे न घेता लोकांना पार नेण्याची व्यवस्था केली, आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर विश्रांतीच्या जागा व पाणपोया ठेवल्या. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. आणि ‘पुण्यतर’मधला ‘तर’ तोच, जो माझ्या सासूबाईंच्या तोंडी आला.

घरी आल्यावर मी मोठ्या उत्साहाने लिहिले : ‘उषवदाताच्या काळापासून डहाणूच्या खाडीवर मोफत तर चालत आली, माझ्या सासूबाईही लहानपणी तिनेच जात.’ वाक्य मला फार आवडले होते. मी त्यांना ते वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, ‘अगं, मोफत कुठली? सुगी झाली की घरटी भात द्यावं लागे तरवाल्याला. एका वर्षी आमच्याकडून पोचलं नाही, तर त्याने मला काठावर उभं करून ठेवलं होतं. शाळा बुडली त्या दिवशी.’

मी ते वाक्य काढून टाकले. दोन टोके पकडून मधल्या अठरा-एकोणीसशे वर्षांवरून रेघ ओढण्याचा मला काही अधिकार नव्हता. त्याच्या जागी काठावर उभी राहिलेली मुलगी आली. सासूबाईंच्या बालपणातली ही गोष्ट घरात कोणालाच ठाऊक नव्हती. माझ्या यजमानांनाही नाही. पहिल्या खर्ड्यात सासूबाईंचा उल्लेख एकदाच होता : ‘वयोमानामुळे त्या थकल्या होत्या.’ वाचून दाखवले नसते, तर लेखात त्या तेवढ्याच उरल्या असत्या.

४.७ लेणी

कान्हेरी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे. शंभरहून अधिक लेणी काळ्या पाषाणात खोदलेली आहेत. सासूबाई पायथ्याशीच सावलीत बसल्या, यजमान त्यांच्यासोबत थांबले आणि मुलगी व मी वर गेलो. तिला भव्य चैत्यगृहापेक्षा पाण्याची टाकी आवडली. खडकात चर खोदून पावसाचे पाणी टाक्यांत उतरवले आहे. कान्हेरीच्या लेखांत टाक्याला ‘पोढी’ हा प्राकृत शब्द येतो. दात्यांमध्ये कल्याण आणि सोपाऱ्याचे लोक आहेत. आदल्या दिवशी पाहिलेल्या ‘एवढ्याच’ ढिगाऱ्याच्या गावातून माणसे येथवर आली आणि दान देऊन गेली, हे सांगितल्यावर मुलीने विचारले, ‘ते खाडी कशी ओलांडत असतील?’ हा प्रश्न मी या वेळी लिहून घेतला.

नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये येथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींची नावे आणि तारखा त्यांत आहेत. आलो, पाहिले, नावे कोरली. आज कोणी भिंतीवर नाव कोरले तर तो गुन्हा आहे, आणि तसाच तो असावा. पण त्या नावांपुढे उभे राहिल्यावर मला अपुरेही वाटले. हे लोक कोठून आले, सोबत कोण होते, पायथ्याशी कोणी थकून बसले होते का, हे त्या नावांतून कळत नाही.

खाली आलो तेव्हा सासूबाईंनी विचारले, ‘काय पाहिलंत?’ मुलीने पाण्याची टाकी सांगितली. त्यांनी पुढे विचारले, ‘पाणी होतं का त्यात?’ होते. हिरवट, पण होते. त्यांना ते ऐकून बरे वाटले, असे मला दिसले. का, ते मी विचारले नाही. तेवढे विचारायचे राहून गेले.

स्वयं-अध्ययन प्रश्न ३ : वरील परिच्छेदात पाहिलेले, ऐकलेले आणि वाचलेले यांपैकी काय काय आले आहे? ‘असे मला दिसले’ हे शब्द काढले तर अर्थात कोणता फरक पडतो?

४.८ क्षेत्रीय कार्य

घरापासून एका दिवसात जाऊन येता येईल असे ठिकाण निवडा. शक्य असल्यास घरातील सर्वांत वयस्क आणि सर्वांत लहान व्यक्ती सोबत घ्या. परगावी जाणे शक्य नसेल तर रोजच्या वाटेवरचे असे ठिकाण घ्या, जेथे तुम्ही आजवर उतरला नाहीत. तेथील किमान एका अनोळखी व्यक्तीला तिच्या कामाविषयी एक प्रश्न विचारा आणि उत्तर त्याच दिवशी लिहून काढा. ती व्यक्ती नको म्हणाली तर आग्रह करू नका. छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नका. समुद्रकिनारी जाणार असाल तर तिथी पाहून निघा आणि पावसाळ्यात पाण्यात उतरू नका.

त्यानंतर ८०० ते १००० शब्दांचा लेख लिहा. वहीचे उजवे पान लेखासाठी वापरा आणि डावे कोरे ठेवा. लेख पूर्ण झाला की ज्यांची वाक्ये त्यात घेतली आहेत, त्यांच्यापैकी जे भेटू शकतील त्यांना तो वाचून दाखवा. त्यांनी केलेल्या दुरुस्त्या डाव्या पानावर त्यांच्याच शब्दांत नोंदवा आणि वही तशीच समंत्रकांकडे सादर करा.